न वाजणाऱ्या फायली: एका भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग उघडताना

कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या एका भजनी मंडळाचं वीस-बावीस वर्षांचं रेकॉर्डिंग बुटाच्या एका खोक्यात आमच्याकडे आलं. आत अठरा सीड्या, तीन पेनड्राइव्ह, दोन मायक्रोएसडी कार्डं आणि बटणांचा एक जुना फोन. मागणी साधी होती: कार्तिकातल्या काकड्याच्या आत सगळं एका पेनड्राइव्हवर यावं आणि देवळातल्या ॲम्प्लिफायरला लावलं की वाजावं. मंडळींनी स्वतः एकदा खटपट करून पाहिली होती. पेटीवाले काका म्हणाले, "निम्मी लागंनातच. कम्प्युटरवर लागत्यात, ॲम्पवर न्हाईत. काही तर कुठंच न्हाईत."

या बोलण्यात दोन वेगळे आजार आहेत. फाइल कुठंच वाजत नसेल तर दोष फायलीत असतो. एका ठिकाणी वाजते, दुसरीकडे नाही, तेव्हा फाइल बहुधा धडधाकट असते आणि वाजवणाऱ्या यंत्राला तिची भाषा येत नसते. तिसरा आजार काकांनी सांगितला नव्हता, कारण तो तक्रार होऊन येत नाही: फाइल वाजते, पण चुकीची वाजते. आमचा निम्मा वेळ त्यातच गेला.

कन्व्हर्टर आम्ही पहिले दोन दिवस उघडलाच नाही. लोक नेमकं उलटं करतात. फाइल लागली नाही की एखाद्या ऑनलाइन कन्व्हर्टरवर चढवतात, तो शून्य सेकंदाची किंवा अर्धवट एमपीथ्री परत देतो, आणि 'झालं एकदाचं' म्हणून मूळ फाइल पुसली जाते. म्हणून आधी नक्कल. कार्ड ॲडॉप्टरमध्ये घालून त्याची खिटी लॉकवर सरकवली, म्हणजे विंडोजला त्यावर काही लिहिता येत नाही. एक कार्ड वाचताना अडखळत होतं. त्याच्या फायली ओढून घेण्याच्या भानगडीत न पडता डीडीरेस्क्यूने सबंध कार्डाची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, एका फायलीत काढली आणि पुढचं सगळं काम त्या प्रतिमेवर केलं. प्रत्येक नकलेचा एसएचए-२५६ चेकसम (फायलीतल्या मजकुरावरून निघणारा अंकी ठसा) मूळ फायलीशी जुळवून घेतला. नक्कल करतानाच फाइल अर्धी राहणं, विशेषतः फोनमधून केबलने घेताना, हे 'शेवटी तुटतं' या तक्रारीचं फार नेहमीचं कारण आहे.

मग प्रत्येक फायलीच्या पोटात काय आहे ते बघितलं. फायलीच्या नावाचं शेपूट (.mp3 सारखं) विंडोज लपवतं, म्हणून एक्सप्लोररमध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू केलं. पण नावावर भरवसा ठेवायचा नसतो. मीडियाइन्फोमध्ये फाइल टाकली की आतलं स्वरूप, कोडेक (आवाज दाबून साठवायची पद्धत), सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने), चॅनेल आणि कालावधी कळतो. त्यालाही काही सांगता आलं नाही तर फायलीतले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये पहिले बारा-पंधरा बाइट बघायचे. 'आरआयएफएफ' अशी अक्षरं दिसली तर वेव्ह, 'ओजीजीएस' दिसलं तर ऑग, पाचव्या बाइटपासून 'एफटीवायपी' दिसलं तर एमपीफोर-एमफोरए घराणं, 'आयडी३' दिसलं तर जवळजवळ नक्की एमपीथ्री, आणि उद्गारचिन्हासह 'एएमआर' दिसलं तर जुन्या फोनचं रेकॉर्डिंग. सगळीकडे नुसती शून्यं दिसली तर वाईट बातमी. तिच्याकडे पुढे येतो.

या पाहणीत सव्वीस फायली अशा निघाल्या की नाव एमपीथ्रीचं आणि आत ऑपस. व्हॉट्सॲपवरचे व्हॉइस मेसेज ऑग डब्यात ऑपस कोडेकने येतात. कुणीतरी नावाचं शेपूट बदलून ते एमपीथ्री झाले असं धरलं होतं. व्हीएलसी नावाकडे न बघता आत डोकावतो, म्हणून संगणकावर ते वाजत होते. ॲम्प्लिफायरमधल्या यूएसबी बोर्डाने नाव बघून एमपीथ्री उलगडायला घेतलं आणि गप्प बसला. सीडीवरून 'कॉपी' केलेल्या बारा फायली प्रत्येकी ४४ बाइटच्या होत्या. सीडीए नावाच्या या फायलींत आवाज नसतोच, सीडीवर गाणं कुठून सुरू होतं एवढीच नोंद असते. त्यांचं काहीही कन्व्हर्ट होणार नाही. सीडीच घालून रिप करायला, म्हणजे तिच्यावरचा आवाज वाचून त्याची फाइल बनवायला हवी.

सीड्यांबद्दल दोन शब्द. २०१९ च्या पुरात कपाटाचा खालचा कप्पा भिजला होता, त्यातल्या सहा सीड्या एकमेकींना आणि कागदी पाकिटांना चिकटल्या होत्या. त्या ओढून सोडवल्या तर वरच्या बाजूचा चकाकता थर कागदाबरोबर निघून येतो, आणि माहिती त्या थरालाच लागून असते. स्वच्छ, साध्या तापमानाच्या पाण्यात भिजू दिल्या, आपोआप सुटल्यावर मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत टिपल्या. गोल पुसायचं नाही: गोल ओरखडा वाचणाऱ्या किरणाच्या वाटेवरच पडतो आणि लांबलचक तुकडा खातो, आडवा ओरखडा क्षणभराचाच असतो आणि त्रुटी-दुरुस्ती तो भरून काढते. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीमध्ये सुरक्षित पद्धत निवडून, वेग कमी करून रिप केल्या. सहापैकी चार पूर्ण निघाल्या. उरलेल्या दोन्हींत शेवटची गाणी गेली. सीडी आतून बाहेर लिहिली जाते, शेवटची गाणी कडेला असतात आणि ओल व बोटं कडेलाच आधी पोचतात.

डब्ल्यूएमएच्या नऊ फायलींवर जास्त वेळ घालवला नाही. विंडोज मीडिया प्लेअरच्या जुन्या आवृत्त्यांत सीडी रिप करताना 'कॉपी प्रोटेक्ट' हा पर्याय असायचा. तो चालू राहिला की स्वतःच्याच सीडीवरून घेतलेली फाइलसुद्धा त्या संगणकाच्या परवान्याला बांधली जाते. तो संगणक केव्हाच मोडीत गेला होता. त्याच सीड्या खोक्यात होत्या, पुन्हा रिप केल्या.

आता कुठंच न वाजणाऱ्या फायली. यांत सगळ्यात मोलाची होती नंदवाळच्या आषाढी दिंडीतली, फोनवर घेतलेली एमफोरए. आकार ४६ एमबी, म्हणजे आत काहीतरी होतं, पण प्रत्येक प्लेअर नाही म्हणत होता. एफएफप्रोबने कारण सांगितलं: 'मूव्ह ॲटम नॉट फाउंड'. एमफोरए फायलीत आवाज एका पेटाऱ्यात सलग ओतलेला असतो, त्याचं नाव एमडॅट. त्यातला कुठला तुकडा कुठं सुरू होतो, किती लांब आहे, सॅम्पल रेट काय, ही सगळी यादी मूव्ह नावाच्या वेगळ्या पेटाऱ्यात असते, आणि बहुतेक फोन ती यादी रेकॉर्डिंग थांबवल्यावर, सगळ्यात शेवटी लिहितात. बॅटरी संपली, फोन आला आणि ॲप बंद पडलं, स्टोरेज भरलं, की यादी लिहायची राहून जाते. आवाज सगळा आहे, पण एक तुकडा कुठं संपतो आणि दुसरा कुठं सुरू होतो ते कुणालाच ठाऊक नाही.

एमपीथ्रीचं असं होत नाही. तिच्यात प्रत्येक फ्रेमच्या डोक्यावर स्वतःची ओळख असते. ४४.१ किलोहर्ट्झला एक फ्रेम ११५२ नमुन्यांची, म्हणजे सुमारे २६ मिलिसेकंदांची. मधून कापली तरी प्लेअर पुढची ओळखखूण शोधून तिथून सुरू करतो. एएमआरही तसंच, २० मिलिसेकंदांच्या सुट्या फ्रेमांचं. म्हणून जुन्या बटणांच्या फोनमधलं अर्धवट रेकॉर्डिंग सहज वाचतं आणि नव्या फोनमधलं उत्तम रेकॉर्डिंग एका झटक्यात मुकं होतं.

यावर इलाज अनट्रंक नावाच्या साधनाचा. त्याला त्याच फोनवर, त्याच ॲपमध्ये, त्याच सेटिंगवर केलेली एक धड फाइल लागते. तिच्यावरून ते तुकड्यांची ठेवण शिकतं आणि मोडक्या फायलीसाठी यादी नव्याने बांधतं. इथं घाई नडते. पहिल्यांदा आम्ही त्याच फोनवर नवं रेकॉर्डिंग केलं ते मोनो होतं, दिंडीचं स्टिरिओ. निघालं ते नुसतं तुटक चिरकणं. फोनमध्ये त्याच महिन्याचं दुसरं रेकॉर्डिंग सापडलं, ते नमुना म्हणून दिल्यावर शेवटची काही सेकंदं सोडता अख्खी दिंडी उभी राहिली. पावसाचा मारा आणि त्यावर टाळ, दोन्ही स्पष्ट. दिंडीत, यात्रेत रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी एवढं करावं: विमान मोड लावावा, ॲप बॅटरी बचतीतून वगळावं, दर अर्ध्या तासाने थांबवून नवी फाइल सुरू करावी. जमेल तिथं वेव्हमध्येच घ्यावं.

वेव्हचा मोडकेपणा वेगळा आणि फार सोपा. देवळातल्या रेकॉर्डरची वीज मध्येच गेली होती, फाइल शून्य सेकंद दाखवत होती. साध्या वेव्हचं डोकं, म्हणजे आवाजाआधीचा माहितीचा भाग, ४४ बाइटचं असतं. त्यात पाचव्या ते आठव्या बाइटमध्ये फायलीची आणि शेवटच्या चार बाइटमध्ये आवाजाची लांबी लिहितात, तीही थांबवताना. ती शून्यच राहिली होती. ऑडॅसिटीत फाइल, इम्पोर्ट, रॉ डेटा असं जाऊन १६ बिट साइन्ड, लिटल एंडियन (बाइटांचा क्रम), स्टिरिओ, ४४,१०० हर्ट्झ, सुरुवात ४४ बाइट सोडून, एवढं भरलं की आवाज हजर. आकडे चुकले तर चूक कानाला लगेच कळते. एंडियन चुकला किंवा सुरुवात एका बाइटने सरकली तर राधानगरीचे दरवाजे उघडल्यासारखी नुसती सळसळ येते. मोनोला स्टिरिओ समजलात तर दुप्पट वेगाने, वरच्या सप्तकात पळतं. स्टिरिओला मोनो समजलात तर निम्म्या वेगाने रांगतं. काही रेकॉर्डर डोक्यात तारीख-वेळेचा जादा मजकूर घालतात. तिथं ४४ चालत नाही. हेक्स एडिटरमध्ये 'डेटा' हा इंग्रजी शब्द शोधायचा, त्याच्यापुढचे चार बाइट सोडायचे आणि तिथून सुरू करायचं.

सॅम्पल रेट ठाऊक नसेल तर हिशेब करावा. १६ बिट स्टिरिओ ४४.१ ला सेकंदाला १,७६,४०० बाइट लागतात, ४८ ला १,९२,०००. आमची फाइल १०१ कोटी ६० लाख बाइटची होती: पहिल्या हिशेबाने ९६ मिनिटं, दुसऱ्याने ८८. फायलीची तयार झाल्याची आणि शेवटच्या बदलाची वेळ यांत ९६ मिनिटांचं अंतर होतं. प्रश्न सुटला. हीच मोजदाद लांब कार्यक्रमांनाही लावावी. वेव्हमध्ये लांबीचा रकाना ३२ बिटांचा असल्याने ४ जीबीच्या पुढे तो उलटतो. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओला ही हद्द सुमारे चार तास आठ मिनिटांनी येते. रात्रभराच्या जागराला ती सहज ओलांडली जाते.

शून्यांची वाईट बातमी दुसऱ्या कार्डावर होती. वर छापलेलं ६४ जीबी. फायलींची नावं, आकार, तारखा सगळं व्यवस्थित, आणि काही मोजक्या फायलींनंतर प्रत्येकीच्या आत फक्त शून्यं. एचटूटेस्टडब्ल्यूने तपासलं तर खरी जागा ८ जीबीपेक्षा थोडी कमी निघाली. अशा बनावट कार्डाचा कंट्रोलर खोटी क्षमता सांगतो, जागा संपल्यावरही 'लिहिलं' म्हणतो आणि लिहीत काहीच नाही. रेकॉर्डरला, फोनला, कुणालाच कळत नाही. तिथला आवाज कधी साठवलाच गेला नव्हता, त्यामुळे फोटोरेकसारख्या पुसलेलं परत आणणाऱ्या साधनाचाही उपयोग नाही. नवं कार्ड आणलं की पहिलं रेकॉर्डिंग करण्याआधी ते काठोकाठ भरून तपासणं, एवढाच बंदोबस्त. ६४ जीबीला तास-दोन तास जातात. ते द्यावेत. त्या कार्डावर मंडळाच्या एका बुवांचं शेवटचं कीर्तन होतं.

आता वाजतंय पण चुकीचं. एका पेनड्राइव्हवरची सगळी भजनं जरा संथ वाटत होती. काका पेटी घेऊन बसले आणि एका भजनात थांबले: "हे बुवा काळी चारात गायचे. हे पांढरी पाचच्या बी खाली लागतंय, आणि काळी तीनच्या वर." म्हणजे पेटीच्या कुठल्याच पट्टीवर न बसणारा सूर. हे लक्षण इतकं नेमकं आहे की पुढे मोजायची गरज नव्हती. ४८ किलोहर्ट्झला घेतलेला आवाज ४४.१ म्हणून वाजवला तर वेग ०.९१९ पट होतो आणि सूर साधारण पेटीच्या दीड पट्ट्या उतरतो. तासाचं भजन ६५ मिनिटं १८ सेकंद चालतं. आधीच्या कुणीतरी नमुने न बदलता डोक्यातला आकडा तेवढा बदलला होता. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या मेनूतून रेट ४८,००० केला. इथं 'रीसॅम्पल' वापरायचं नसतं. ते चुकलेला सूर तसाच जपतं. रेट बदलून आधी सूर जागेवर आणायचा, मग हवा तर रीसॅम्पल. काकांनी पेटी लावून बघितली, काळी चार बसली.

दुसरं प्रकरण याहून फसवं. हेडफोनवर छान ऐकू येणारी सात भजनं देवळातल्या कर्ण्यावर लावली की टाळ-पखवाज आणि बुवांचा आवाज, सगळंच दूर विहिरीतून आल्यासारखं. मिक्सरच्या बॅलन्स्ड आउटपुटमधून निघालेली वायर कुणीतरी रेकॉर्डरच्या स्टिरिओ माइक-जॅकमध्ये घातली होती. बॅलन्स्ड वायरीत तोच आवाज दोन तारांवर असतो, एकीवर सुलट, एकीवर उलट. रेकॉर्डरने एकीला डावं आणि दुसरीला उजवं मानलं. देवळातला ॲम्प मोनो, दोन्हींची बेरीज करतो, आणि सुलट-उलट एकमेकांना खाऊन टाकतात. जे थोडं उरलं ते दोन बाजूंच्या लहानसहान फरकातलं. ऑडॅसिटीत ट्रॅक स्टिरिओमधून सुटा केला, एका बाजूला इन्व्हर्ट लावलं, पुन्हा जोडला. तेव्हापासून मंडळाला पोचवायच्या प्रत्येक फायलीची मोनो बेरीज करून ऐकायची, हा नियमच केला.

इतकं झाल्यावर कन्व्हर्टर. सगळ्या मूळ फायली जशाच्या तशा ठेवल्या, वेव्हच्या फ्लॅक (आवाज न गमावता आकार कमी करणारं स्वरूप) केल्या. वाजवण्याच्या प्रतीसाठी एफएफएमपेगमधून लेम एन्कोडर: एमपीथ्री, ४४.१ किलोहर्ट्झ, १९२ केबीपीएस, आवाजाचं शिखर उणे १ डेसिबलवर. स्थिर बिटरेट मुद्दाम घेतला. बदलत्या बिटरेटच्या जुन्या काही एमपीथ्रींत सुरुवातीची 'झिंग' (Xing) नावाची, एकूण फ्रेमांची नोंद नव्हती, त्यामुळे आठ मिनिटांचं भजन तेवीस मिनिटं दाखवत होतं आणि पुढे सरकवलं की भलतीकडे जात होतं. अशांना पुन्हा कन्व्हर्ट करायचं नसतं. एन्कोड न करता नुसती कॉपी करून नव्या डब्यात घातलं की एफएफएमपेग ती नोंद लिहितो. १९२ च्या खाली मात्र जाऊ नये. बोलणं ६४ लाही कळतं, पण टाळ आणि झांज १२८ लाच पाण्यात बुडाल्यासारखी छमछमायला लागतात, कारण एवढे विखुरलेले वरचे सूर इतक्या थोड्या बिटांत मावत नाहीत. १९२ ला तास ८६ एमबीच होतो.

बटणांच्या फोनमधली एएमआर ८ किलोहर्ट्झची. टाळाचा वरचा नाद तिच्यात मुळातच नाही, आणि ३२० केबीपीएस दिले म्हणून तो येणार नाही. तरी ती ४४.१ ला चढवावीच लागते. तशीच एन्कोड केली तर ८ किलोहर्ट्झची एमपीथ्री बनते, आणि तो एमपीथ्रीच्या मूळ प्रमाणाबाहेरचा विस्तार असल्याने स्वस्त बोर्डांना उलगडत नाही. 'कन्व्हर्ट केलं तरी लागंना' यातल्या बऱ्याच तक्रारींचं उत्तर इथं आहे.

ॲम्पचा बोर्ड स्वतःचे हट्ट घेऊन येतो. पेनड्राइव्ह फॅट३२ च हवा; एक्सफॅट किंवा एनटीएफएस त्याला दिसतच नाही. म्हणून ३२ जीबीचाच घेतला, तो विंडोजमधून सरळ फॅट३२ होतो. तीन फायली सुरू व्हायला दहा सेकंद घेत होत्या: आयडी३ टॅगमध्ये विठ्ठलाचा पाच एमबीचा फोटो होता, आणि टॅग आवाजाच्या आधी येतो. फोटो काढून टाकले, टॅगची आवृत्ती २.३ ठेवली. देवनागरी नावं बोर्डाच्या छोट्या पडद्यावर चौकोन होतात, म्हणून फायलींना आकडे आणि रोमन नाव, आणि देवनागरी यादी कागदावर. मॅकवरून कॉपी झालेल्या फोल्डरमध्ये टिंब-अधोरेषेने सुरू होणाऱ्या चार केबीच्या लपलेल्या फायली असतात. बोर्ड त्या गाणी समजून अडकतो, त्या पुसल्या.

आकडे देऊनही काकड्याचा क्रम चुकला. बोर्ड नावाचा क्रम बघत नाही, पेनड्राइव्हच्या यादीत फायली ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या त्या क्रमाने वाजवतो. पेनड्राइव्ह फॉरमॅट करून ००१ पासून एकेक करून कॉपी केलं, मग भूपाळीपासून आरतीपर्यंत ओळीत आलं.

तपासणी देवळातच केली, त्याच ॲम्पवर, त्याच कर्ण्यावर. प्रत्येक फायलीचं पहिलं मिनिट, मधलं कुठलंही एक आणि शेवटचं मिनिट. यात दोन फायली शेवटी तुटलेल्या सापडल्या, मूळ नकलेशी जुळवून पुन्हा केल्या. दोन पेनड्राइव्ह दिले, एक वाजवायला, एक कपाटात, आणि मूळ फायलींची हार्डडिस्क सेक्रेटरींच्या घरी, वरच्या मजल्यावर. शून्यांचं कार्डही त्यांनी परत मागितलं. पाकिटावर लिहून दिलं: यात आवाज नाही, यावर काही रेकॉर्ड करू नये.